नासपतीच्या खिंडीतला दरवाजा

नासपतीची खिंड, ऑगस्ट सरता सरता

विल्यारिथ यांस,

तुमचा निरोप वोल्तू मेंढपाळाने पोचवला. सांगताना तो माझ्याकडे न बघता तटाकडे बघत होता, त्यावरूनच तुम्ही काय विचारलं असेल ते मला कळलं.

दोनाता गेली. तुम्ही शिपाई माणूस, म्हणून आडून आडून सांगत नाही. दरबारात उलथापालथ झाल्याची बातमी शहरात आली आणि त्याच संध्याकाळी तिथल्या शिबंदीने तुमच्या गॉथ शिपायांची घरं हुडकायला सुरुवात केली. तुम्ही सगळे पुरुष सम्राटाच्याच छावणीत, सम्राटाच्याच पगारावर. घरात राहिलेली बायकापोरं, म्हातारी माणसं. कुणाला सोडलं नाही. आमच्याच माणसांनी केलं हे, बाहेरच्यांनी नव्हे.

खालून आलेल्या एका बाईने सांगितलं की दोनाता पळाली नाही, दारात उभी राहिली. म्हणाली, "मी नासपतीच्या किल्लेदाराची मुलगी. मी तुमच्यातलीच आहे." त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आमच्यातली असून त्यांच्या घरात गेलीस, मग तर बोलायलाच नको." पुढचं त्या बाईने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिला कुठे पुरलं, पुरलं की नाही, ठाऊक नाही.

तुमच्या मुलीबद्दल, तेक्लाबद्दल, तुम्ही विचारलंत. तिच्याबद्दल मला काही कळलेलं नाही.

किल्लेदारांना हे पत्र माहीत नाही. तुमचं लग्न झालं तेव्हा त्यांनी सगळ्या शिबंदीसमोर सांगितलं होतं की मला मुलगी नाही. कायद्याने गॉथाशी लग्न गुन्हाच, आणि त्यांच्या हातात सम्राटाचा दरवाजा. तेव्हापासून या घरात तुमचं नाव कुणी घेतलेलं नाही. तिचंही नाही.

आणखी एक, सहज विचारते. तेक्लाला शेळीचं दूध पचायचं का? दोनाताला लहानपणी पचत नसे. आणि तिला झोपवताना तुम्ही काही गुणगुणत होतात का? दोनाताच्या आठवणीने विचारते, दुसरं काही नाही.

अमांतिया,
किल्लेदार वितालिस यांची पत्नी

सप्टेंबर, खाली द्राक्षं उतरवायच्या दिवसांत

विल्यारिथ,

आता तू म्हणते. थंड नदीकाठच्या लढाईनंतर मांडीत बाणाचं पातं घेऊन तू याच कोटात पडला होतास, तेव्हा तूच म्हणत होते. आमच्या भाषेत पाणी मागायला तू शिकलास तेही माझ्याकडून. तांब्या आणून द्यायचं काम दोनाताचं. ती तेव्हा परकरी पोर होती, म्हणून मला काही दिसलं नाही. पुढे दर उन्हाळ्यात तुझी वाट वाकडी होऊन या खिंडीतूनच जायला लागली, तेव्हा दिसलं.

तू लिहिलंस, "ज्या घरात पोर नाही त्या घरातली बाई शेळीच्या दुधाचं विचारत नाही." अक्षर तुमच्या धर्मगुरूचं असेल, वाक्य तुझंच.

हो. ती इथे आहे.

तुमच्या शेजारची रंगारीण प्रिस्का, तिने वाचवली. दारात गलका झाला तेव्हा दोनाताने पोरीला मागच्या भिंतीवरून तिच्याकडे दिलं आणि मग पुढच्या दाराशी गेली. प्रिस्काने तिला निळीच्या पिंपात बसवलं, वर ओली लोकर टाकली. शिपायांनी लोकर भाल्याने उचलून पाहिली, पण रंग हाताला लागेल म्हणून खोल गेले नाहीत. पुढे खेचरांच्या तांड्याबरोबर ती तिला इथवर घेऊन आली. पोर आली तेव्हा मानेपर्यंत निळी होती, आणि तिच्याकडे बघून मला हसू आलं. त्याबद्दल देव मला काय म्हणायचं ते म्हणो.

केस मी कापले. उरले ते अक्रोडाच्या सालीने काळे केले. ती माझ्या चुलतबहिणीची नात, एमोनाहून आलीय, असं सगळ्यांना सांगितलं आहे. एमोनाची म्हटलं की बोली जरा वेगळी चालून जाते. तशी ती फार बोलतच नाही. अंथरुणावर झोपत नाही. धुण्याच्या टोपलीत शिरते आणि झाकण ओढून घेते. मी झाकण थोडं उघडं ठेवते, ती आतून पुन्हा लावते.

शेळीचं दूध पचतं तिला. राळ्याची पेज आवडते. तू गुणगुणायचास ते गाणं तू लिहून पाठवलंस, पण मला ते म्हणता येत नाही. तुमची भाषा माझ्या तोंडातून निघाली तर भिंतीलाही ऐकू जाईल.

यांचं विचारलंस. पहिल्या दिवशी यांनी तिच्याकडे पाहिलं, "जेवू घाल" म्हणाले आणि पहाऱ्यावर निघून गेले. माझ्याशीही त्याविषयी एक शब्द नाही. मग परवा मी विहिरीवरून आले तर हे तिला मांडीवर घेऊन राखेने तिची बोटं घासत बसले होते. मला बघून म्हणाले, "निळा रंग शिबंदीच्या नजरेत येईल." बोटांवर रंग उरलाच नव्हता.

तू म्हणतोस, तिला पाठव. नाही पाठवणार. सम्राटाची छावणी सोडून तुम्ही सगळे ज्याच्याकडे गेलात तो तुमचा राजा लढाईच्या तयारीत आहे. तू आज एमोनाच्या अलीकडे, उद्या कुठे? तंबूत, चिखलात, गाडीखाली पोर वाढवणार का? इथे निदान दगडाची भिंत आहे, वर छप्पर आहे, रोज भाकरी भाजली जाते. तुझी माणसं या वाटेने अजून येतच आहेत, खालच्या शहरांतून पळून. दरवाजा बंद करायचा आदेश येईपर्यंत यांनी त्यांना पलीकडे जाऊ दिलं. कुणाच्या हातात पोराचा बूट, कुणाच्या हातात काहीच नाही. मोठमोठे दाढीवाले पुरुष रस्त्याच्या कडेला बसून रडत होते आणि आमचे शिपाई तटावरून मान वळवून उभे होते. आता दरवाजा बंद आहे. बरं झालं. मला ते बघवत नव्हतं.

तिची एक बट कापून ठेवली होती, काळी करण्याआधीची. सोबत पाठवते.

अमांतिया

सप्टेंबर अखेर

विल्यारिथ,

"भिंत कुणापासून वाचवते ते मला सांगा. तिची आई भिंतीच्या आतच मेली." हे तुझं वाक्य वाचल्यावर मी पत्र चुलीत घातलं. घातल्यावरही ते डोक्यातून जात नाही. तू खरं लिहिलंस, पण माझ्या तोंडावर लिहायला नको होतंस. ती तुझी बायको व्हायच्या आधी माझी मुलगी होती.

राग बाजूला ठेवून लिहिते, कारण इथे गोष्ट हाताबाहेर गेली आहे.

लुपिकिन तुला आठवणार नाही. तो यांच्या हाताखालचा नाईक. वाईट माणूस नाही. मागे तुमच्या राजाने खिंड ओलांडली तेव्हा तो या तटावर होता आणि त्याची बायको आणि लहान मुलगी खालच्या गावात होत्या. तुमच्या लोकांनी नेल्या. पुढे त्यांचं काय झालं कुणाला ठाऊक नाही. त्याने फार विचारलं, पुष्कळ ठिकाणी विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

परवा तुमच्यातली मागे राहिलेली काही माणसं तटाखाली आली आणि भाकरी मागायला लागली. तुमच्या भाषेत हाका मारत होती. मी भट्टीपाशी होते, तेक्ला माझ्या पायाशी पीठ चाळवत बसलेली. तो आवाज ऐकला मात्र, पोर उठली आणि तटाच्या पायऱ्या चढत सुटली. "अत्ता, अत्ता" ओरडत. या कोटात आल्यापासून तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. तटावरचा प्रत्येक शिपाई वळून बघायला लागला. तुमच्या भाषेत बापाला काय म्हणतात हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

लुपिकिननेच तिला उचललं. धरलं मात्र नीट, पडणार नाही असं. माझ्यापाशी आणून खाली ठेवलं.

"बाई, ही तुमच्या चुलतबहिणीची नात ना?"

"हो."

"एमोनात बापाला अत्ता म्हणतात होय?"

"लहान आहे रे. काहीही बोलते."

"लहान आहे ते मलाही दिसतंय," तो म्हणाला. "माझीही लहान होती."

त्या संध्याकाळी तो घरी आला. यांनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. गॉथांची कुणी सगीसोयरी सापडली तर खाली अक्विलेया शहरात कळवायचं, असा आदेश आहे. कळवल्यावर पुढे काय होतं ते लिहायची गरज नाही.

लुपिकिन म्हणाला, "साहेब, मी आजवर तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही."

"मग आजही जाऊ नकोस."

"आदेश तुमच्या शब्दाच्या वरचा आहे."

 हे म्हणाले, "एवढीशी पोर कुणाचं काय बिघडवते, लुपिकिन?"

"ते मला नका विचारू. मी हेच विचारत फिरत होतो, तेव्हा मला कुणी सांगितलं नाही."

मी चुलीवरची पेज उतरवली. 

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, "खालचा हरकारा खबर न्यायला यायच्या आत पोर इथून गेलेली असेल तर मी काही पाहिलं नाही. पण बाहेरचा दरवाजा उघडला तर मात्र मला न पाहिल्यासारखं करता येणार नाही, साहेब. तेवढं माझ्याकडून होणार नाही."

आता तूच बघ. खाली उतरवावी तर तिथे रस्त्यावर अजून गॉथांची पोरं शोधत फिरताहेत. प्रिस्का परत गेली तिचाही पत्ता नाही. इथे ठेवावी तर हरकारा येणार. उरली ती तुझी बाजू, आणि मध्ये हा दरवाजा.

जेवताना यांनी पहिल्यांदा दोनाताचं नाव घेतलं. तेक्ला पेजेत बोट घालून चाटत होती, तिच्याकडे बघत म्हणाले, "दोनाताही असंच करायची." एवढंच. मग ताट सरकवलं आणि म्हणाले, "त्याला लिही. यायला सांग."

त्यांना कसं कळलं की मी तुला लिहिते, ते मी विचारलं नाही.

अमांतिया

ऑक्टोबर, पहिलं धुकं

विल्यारिथ,

वोल्तूला पुढे पाठवते आहे, तो सांगेल तसा त्याच्याबरोबर ये. एकटा ये. शस्त्र नको. उत्तरेकडच्या उतारावर बीचच्या झाडीतून तटाशी आलास की तुटक्या बुरुजाशेजारी एक चोरदिंडी आहे. आतल्या बाजूने ती पाण्याच्या टाक्याआड येते, म्हणून पहारेकऱ्यांना दिसत नाही. दोरावरून सोडायचा विचार आम्ही केला होता, पण तटावर सगळीकडे नजर आहे. दिंडी तेवढी आडोशाला. सकाळी लाकूडतोडे मोठ्या दरवाजाकडे गोळा होतात, तेव्हा इकडे कुणी नसतं. धुकं पडलं असेल त्या सकाळी ये. नसेल तर झाडीत थांब, दुसऱ्या दिवशी बघ.

दिंडीची किल्ली यांच्याकडेच असते. यांना काही होणार नाही, तू त्याची काळजी करू नकोस.

पोरीचं सांगते. तिला कोरड्या खोकल्याची उबळ येते, तेव्हा मध कोमट पाण्यातून दे, नुसता देऊ नकोस. डाव्या पायाचा अंगठा ठेचलेला आहे, बूट घालताना ओरडते. टोपली बरोबर देते आहे. लोक हसले तरी तिला त्यात झोपू दे. जबरदस्तीने बाहेर काढू नकोस, ती आपणहून निघेल कधीतरी. केस आता काळे करू नकोस. आईचं विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव. मी तिला काही सांगितलेलं नाही. ती विचारत नाही म्हणून नाही, मला सांगता येत नाही म्हणून.

दोनाताच्या दोन कुर्त्या तिच्या मापाच्या करून दिल्या आहेत. पेटीत ठेवल्या होत्या. यांना वाटत होतं मी जाळल्या.

तुमच्यात देवाचं नाव आमच्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने घेतात, आमचे बिशप त्याला पाखंड म्हणतात. तू तुझ्या तऱ्हेने घे. पण तिच्यासाठी घे.

अमांतिया

ऑक्टोबर, मध्यावर

विल्यारिथ,

तू झाडीत दिसेनासा झालास तेव्हा ती रडत नव्हती. मला वाटलं होतं रडेल. तुझ्या खांद्यावरून तिने एकदा मागे पाहिलं, मग तुझ्या दाढीत तोंड खुपसलं. चांगलं झालं. रडली असती तर मी दिंडीबाहेर आले असते.

तुझं आणि यांचं बोलणं मी मागे उभी राहून ऐकलं.

"मांडी अजून दुखते?"

"थंडीत दुखते."

"मग चालत जाऊ नकोस फार. गाडीत बसत जा."

सासऱ्या-जावयाचं आयुष्यभरातलं बोलणं ते एवढंच. यांनी तुझ्याकडे हात पुढे केला नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या हातात टोपली होती.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. त्या दिंडीवर लाखेची मोहर असते. मोहर मोडल्याशिवाय ती उघडत नाही, आणि मोडली की दिसतेच. लुपिकिन संध्याकाळच्या फेरीत ती तपासतो. हे आम्हाला दोघांनाही आधीपासून माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू आला नसतास, किंवा आला असतास आणि यांच्याशी वाद घालत बसला असतास.

दिंडी लावून घेतल्यावर यांनी हात धुतले आणि सरळ पहाऱ्याच्या देवडीवर गेले. मी मागोमाग गेले. लुपिकिन आपल्या जोड्याला चरबी चोळत बसला होता.

हे म्हणाले, "उत्तरेच्या दिंडीची मोहर मोडलीय. मी मोडली. कळव."

लुपिकिनने जोडा खाली ठेवला. "साहेब, मी आज त्या बाजूला जाणारच नव्हतो. पाय दुखतोय म्हणून सांगणार होतो."

"म्हणूनच आलो सांगायला. आज गेला नसतास, उद्या तरी जावं लागलं असतं. आणि मग न कळवल्याबद्दल तुझी मान गेली असती."

"तुम्ही माझं कशाला बघता?"

"मग कोण बघणार? मी किल्लेदार आहे."

लुपिकिनचा चेहरा असा झाला की यांनीच त्याला थोपटलं. मग त्याने कळवलं. त्याने कळवलं नसतं तर बरं झालं असतं असं मी स्वतःशी रोज म्हणते, पण त्याच्यावर मला राग धरून ठेवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

अक्विलेयाहून माणसं आली. यांना खेचराच्या गाडीत बसवून नेलं. मी लोकरीचे मोजे आणि जाड झगा बांधून दिला. यांनी मोजे घेतले, झगा परत दिला. म्हणाले, "तुला लागेल." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय, मी घरात आहे." तरी नाही घेतला. गाडी सुटताना मला सांगून गेले की टाक्यावरचं झाकण सरकवून घे, नाहीतर पाण्यात पानं कुजतील. एवढ्या वर्षांच्या संसारात शेवटचं बोलायचं तर दुसरं काही सुचलं नाही त्यांना. मलाही नाही. मी म्हटलं, "लावते."

ते परत येतील असं लुपिकिन म्हणतो. इतक्या वर्षांची चाकरी आहे, एका पोरीसाठी कोण एवढं ताणेल, असं म्हणतो. तो हे माझ्याकडे बघून म्हणत नाही.

पोरीचं कळव. झोपते का, खाते का. वोल्तू येईल तेव्हा एक ओळ पुरे.

अमांतिया

नोव्हेंबर, बर्फ

विल्यारिथ,

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं जाणार मला ठाऊक नाही. वोल्तू मेंढरं घेऊन खाली उतरला, आता वसंतापर्यंत येणार नाही. तुम्ही कुठवर गेलात तेही माहीत नाही. रोमच्या वाटेवर आहात असं ऐकलं. तरी लिहिते. घरात बोलायला माणूस एकच आहे, आणि त्याच्याशी हे बोलता येत नाही.

यांना नेल्यावर लगेचच वरून हुकूम आला की सगळ्या खिंडींतली शिबंदी काढून घ्यायची, सैन्य खाली शहरांसाठी हवं आहे. एवढा तट, एवढे बुरूज, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. सकाळी माणसं होती, दुपारी नव्हती. लुपिकिनने मला बरोबर चलायला सांगितलं. मी म्हटलं, हे परत आले तर कुठे शोधतील? त्याने धान्याचं एक पोतं माझ्या दाराशी आणून ठेवलं. मोठ्या दरवाजाकडे बघून म्हणाला, "आतून अडसर लावायला कुणी राहत नाही. ओढून घेतो नुसता." ओढून घेतला. वाऱ्याने पुन्हा उघडला.

मग तुम्ही आलात. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. दिवसभर गाड्या जात होत्या. बैल, बायका, भांडी, कोंबड्यांच्या डालग्या, आणि माणसं. कुणी एक बाण सोडला नाही, एक धोंडा टाकला नाही. तुमचे शिपाई बुरुजांकडे मान वर करून बघत होते आणि आपसांत कुजबुजत होते. आत कुणी दबा धरून बसलंय असं त्यांना वाटलं असावं. आत मी होते आणि एक शेळी.

तू गाडी थांबवलीस आणि म्हणालास, "आई, बस. चल." मी नाही म्हणाले, तू पुन्हा विचारलंस, मागच्या गाड्यांचा खोळंबा झाला, लोक ओरडायला लागले, तू निघालास. तेव्हा तुला कारण सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर तू मला उचलूनच गाडीत टाकशील. मी यांची वाट बघत होते.

पोरीने मला ओळखलं, ते तुलाही दिसलं असेल. मी भाकरी पुढे केली, तिने घेतली. पण तुमच्याच भाषेत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी हो म्हटलं. तिच्या केसांच्या मुळाशी मूळचा रंग दिसायला लागला होता. टोपली गाडीत दिसली नाही. विचारायचं राहून गेलं.

पहिलं बर्फ पडलं त्या दिवशी लुपिकिन वर आला, एकटा, पायी, अंगावर शिपायाचा पट्टा नाही. मला बघून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मी म्हटलं, "आत ये, गारठलास." तो म्हणाला, "आधी सांगतो, मग आत घ्यायचं की नाही ते ठरवा."

यांना अक्विलेयात मारलं. तलवारीने, म्हणजे शिपायाला देतात तसं, फासावर नाही. तुम्ही इथून गेलात त्याच्या आधीच. तू मला गाडीत बस म्हणालास तेव्हा मी मेलेल्या माणसाची वाट बघत थांबले होते.

चौकात आरोप वाचला, लुपिकिन तिथे होता. सम्राटाच्या सरहद्दीचा दरवाजा शत्रूला उघडला, एवढाच. पोरीचा उल्लेख नाही, मोहरेचा नाही. यांना काही म्हणायचं आहे का विचारलं, तर नाही म्हणाले. झगा नव्हता आणि वारा सुटला होता, म्हणून खांदे आखडून उभे होते. लोकांना वाटलं घाबरलेत. लुपिकिन शेजारच्याला म्हणाला, "घाबरले नाहीत, थंडी वाजतेय त्यांना." शेजाऱ्याने ऐकलं नाही.

मग तो म्हणाला, "बाई, त्यानंतर दोन दिवसांनी मला वरच्या अधिकाऱ्यापुढे नेलं. शिबंदी आणलीस का, विचारलं. हो म्हटलं. दरवाजा कसा ठेवून आलास, विचारलं. मी म्हटलं, उघडा. त्याने मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं."

मी त्याला आत घेतलं. दुसरं काय करणार होते? बाहेर बर्फ पडत होतं.

त्याच्यानंतर बर्फ थांबलंच नाही, वाट बुजली. आता तो आणि मी, या एवढ्या कोटात. तो पाणी आणतो, मी भाजते. बोलणं फार होत नाही. एकदा त्याने विचारलं, "ती पोर गाडीत होती का, तुम्ही पाहिली का?" मी म्हटलं, पाहिली. "बरी होती?" बरी होती. त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "माझी आता मोठी झाली असेल. असली तर." 

सरपण संपत आलं आहे. रानात कंबरेएवढं बर्फ आहे, तिथवर जाऊन तोडायची ताकद ना त्याच्यात ना माझ्यात. काल त्याने मोठ्या दरवाजाचं एक कवाड बिजागरीवरून उतरवलं आणि कुऱ्हाडीने फोडायला घेतलं. घाव घालण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घाल. ओकचं लाकूड आहे, मुरलेलं, धूर करत नाही. एक कवाड महिनाभर पुरेल असं तो म्हणतो. दुसरं त्यानंतर.

अमांतिया